चौतीस ई

तिकीट स्वस्त होतं. मग एकेक गोष्ट महाग होत गेली.
खिडकी हवी? बावीस डॉलर. पुढची रांग? विचारूच नका.
डोक्यावरच्या कप्प्यात पिशवी ठेवावी म्हटलं,
तीही या भाड्यात बसत नव्हती. मीच कशीबशी बसत होते.
पोटात टाकलेल्या एका बॅगेचे चाळीस,
आणि त्या बॅगेत आईची विळी,
पातं मिटून, पंच्यात गुंडाळून,
खवणीच्या दातांना वर्तमानपत्र बांधून.

नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को. मधली सीट.
मागे संडास, म्हणून पाठ कलत नाही.
डावीकडे टोपी ओढून झोपलेला पोरगा,
त्याचं कोपर माझ्या हद्दीत.
उजवीकडे, खिडकीशी, लीलँड क्रॅमर.
नाव त्यानंच सांगितलं, पट्टा लावायच्या आधी,
आणि हेही, की एकतीस वर्षं ट्रक चालवला,
हाच रस्ता, ऐंशी नंबरचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वरून मात्र पहिल्यांदाच.
मग म्हणाला, "खाली काय दिसतंय?"

मला वाटलं, गंमत करतोय.
डोळ्यांच्या मधोमध आता नुसता डाग आहे म्हणाला,
कडेकडेनं थोडं दिसतं. लायसन गेलं.
खिडकीचे बावीस डॉलर तरी भरलेच.
का, ते मी विचारलं नाही.

तर मी त्याच्या गुडघ्यांवरून वाकले
आणि पदरचं काही न घालता सांगू लागले.
नदी. चहाच्या रंगाची. दोन पूल.
"मिसिसिपी. पुलाअलीकडे कॉफी वाईट, पलीकडे त्याहून वाईट."
गोल गोल शेतं, जुन्या साडीवर
पापड वाळत घालावेत तशी.
"म्हणजे नेब्रास्का. आता कितीतरी वेळ हेच.
झोपायचं असेल तर झोप."
त्याला जिथे अख्खा दिवस जायचा
ते माझं प्रेट्झेलच्या एका पुडीत संपलं.

मग ढग. दूध उतू गेल्यासारखे, सगळीकडे.
तो विचारत राहिला. मला दया आली,
म्हणजे कंटाळाही आला होता, खरं सांगायचं तर.
म्हटलं, हो, दिसतंय ना, छोटंसं गाव, लाल छपरं.
लीलँड जरा वेळ गप्प. मग पोट हलवून हसला.
"तिथे साठ मैल गाव नाही.
म्हणून तर तो तुकडा मला आवडायचा."

चोरी पकडल्यावर माणूस खरं बोलतो.
बहिणीकडे चाललेय, मी म्हटलं. अकरा वर्षांनी.
"भांडण?"
हो.
"कशावरून?"
विळी इंग्रजीत सांगता येत नाही.
त्याला दिसणार नाही हे विसरून
मी ट्रेवर बोटानं काढू लागले,
हा पाट, हे वाकलेलं पातं,
बाई जमिनीवर बसते, पाट पायाखाली दाबते,
भाजी पात्याकडे जाते, पातं भाजीकडे नाही.
"पातं जागच्या जागी?" त्याला ते फार पटलं.
"आणि मिळाली कुणाला?"
मला.
"वापरतेस?"
मी खिडकीबाहेर पाहिलं. अजून ढगच.
गॅरेजमध्ये होती, म्हटलं.
त्यानं या वेळी काही विचारलं नाही.

उतरताना खाली पाणी आलं
तेव्हा तोच मान तिरकी करून बसला,
कडेच्या नजरेत चमक तेवढी येत असावी.
दाराशी त्याच्यासाठी चाकाची खुर्ची होती.
निरोप घ्यायचा राहिला, कारण पोरगा
वरचा कप्पा उघडून रस्ता अडवून उभा.

पट्ट्यावर माझी बॅग शेवटून दुसरी आली.
चेन अर्धवट. आत छापील चिठ्ठी:
तपासणीसाठी बॅग उघडली होती.
विळी कुणीतरी पुन्हा गुंडाळली होती, माझ्यापेक्षा घट्ट,
पंच्याचं टोक आत खोचून.
वर्तमानपत्र मात्र गायब.
शालन बाहेर गाडीत असेल.
पार्किंगचे पैसे चढत असतील,
आणि ते ती मला ऐकवणार.