दोन ते साडेचार

रात्री दोनला वीज गेली. ब्लोअर घरघरून थांबले
आणि टाकीवरचा फेस बसत गेला
जसा भांडून दमलेला माणूस बसतो, नाइलाजाने.

केप फ्लॅट्सचं सांडपाणी खाली काळंभोर:
कुणाच्या बाळंतपणाचं, कुणाच्या जुलाबाचं,
कुणी नुसतेच हात धुतलेले.

नोलुव्होच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात निळी रेघ,
प्राणवायू दोन मिलिग्रॅमवरून शून्याकडे.
आता हे जीव नायट्रेट फोडतील, असं समीकरण म्हणतं,
त्यातला श्वास तेवढा काढून घेतील,
महिनाअखेरी डबे खरवडावेत तसं.
मग नायट्रेटची रेघही तळाला टेकली.

"किती वेळ तगतील?"
म्बुलेलो कठड्यावरून वाकला. डोळे मिटून हुंगलं.
"मातीचा वास येतोय अजून. सडका नाही."
बावीस वर्षं तो इथं रात्रपाळीला आहे.

मॉडेलमध्ये तोवर
निम्मे मेलेले होते.

साडेचारला वीज आली. पाणी तळातून उसळलं,
आणि पहाटेच्या नमुन्यात, भिंगाखाली,
सगळे आपापल्या उद्योगाला लागलेले.

तिनं क्षयाच्या वेगाचा आकडा खोडला,
लहान केला.
संदर्भाच्या रकान्यात क्षणभर थांबून लिहिलं:
म्बुलेलो यांचं नाक.