कूलर

उन्हाळ्यात अख्खी आळी बाहेर निजे.
सतरा बाजा, मधात पान्याचा रांजण.
लेकरू ज्या बाजेवर पेंगलं
ते घर त्याचं, त्या रातीपुरतं.
पंचफुलाकाकू अंधारातूनच इचारे,
"कोन खोकलं रे?"
आन् सकाळी अडुळशाचा काढा घेऊन दारात.

मंग देवरावनं अकोल्याहून कूलर आनला.
पहिल्या साली आम्ही सारेच त्याच्या खिडकीपुढं,
ओल्या वाळ्याच्या वासात, दाटीवाटीनं.

आता माह्या घरात कूलर तीन, मानसं दोन.
तिसरा पोराच्या खोलीतला.
दर चैतात त्याले नव्या ताट्या लावतो,
घंटाभर चालवून पाह्यतो,
बंद करतो.

काल राती लाइन गेली.
बाज बाहेर ओढली.
खोकलो.
जरा थांबून
पुन्हा खोकलो, मोठ्यानं.