ऱ्हस्व-दीर्घ

टेनेसीत, मक्याची शेतं संपतात तिथे,
एका दंतवैद्याच्या जुन्या दवाखान्यात आमची प्रयोगशाळा.
भिंतीवरचं दाढेचं चित्र अजून कुणी काढलेलं नाही.

ओडेसा प्रूइट आली ती गुरुवारी, कुलूप लावायच्या वेळेला.
हातात लोणच्याच्या बरणीत चार जेलीच्या वड्या
आणि खतांच्या दुकानाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर.
हॉलिस वाळत चालला होता तेव्हाची टिपणं,
तारखांच्या चौकटीत, पेन्सिलीनं:

नऊ. वाटीभर मक्याच्या कण्या जेवला. मग घड्याळाला भ्याला.
म्हणे काटे माझ्याकडे बघतायत. घड्याळ उतरवलं.

आठ. निम्मंच चढतं. भीती नाही.
पीचच्या दोन फोडी, आणि माझ्या मांडीवर झोप.

दहा. पोर्चचा कठडा रंगवायला काढला. अर्धा.

एका रविवारी नुसतं व्ही, आणि पुढे:
ताट सरकवलं. परत नको.

मी कागदावर काढून दाखवलं.
हे कार्बनचं कडं, बाई, हा त्यातला दुहेरी बंध.
इथे असला तर नऊ. एक घर सरकला तर आठ.
अणू तेवढेच, वजन तेवढंच.
दिन आणि दीन.
पहिली वेलांटी दुसरी झाली
आणि दिवसाचा भिकारी झाला.

व्हीची शेपटी आखूड, पाचाऐवजी तीन कार्बनची,
थोडी घेतली तर किल्ली कुलपात बसते, फिरत नाही,
भूक दाराबाहेर ताटकळते.
आणि कच्च्या पानातलं तर आच लागेपर्यंत
कुणाच्या अध्यातमध्यात नसतं...

"मला शाळा नको," ती म्हणाली.
"ही चौथी कुठली, तेवढं सांग."

पेट्रोलपंपावर घेतलेली. पाकिटावर निळा धूमकेतू.
त्या रात्री दोनला हॉलिस उठला,
तीन आठवडे न उठलेला हॉलिस,
अनवाणी अंगणात गेला
आणि मेलेल्या कुत्र्यांना एकेक करून हाका मारल्या,
नावं बरोबर, क्रम बरोबर.
मग वळून म्हणाला, बाई, तुमचं लग्न झालंय का?
"मी म्हटलं, नाही.
पहाटेपर्यंत मागणी घालत होता मला.
पहिल्या वेळेला एवढं बोलला नव्हता."

दुसऱ्या दिवशी उलट्या. पुढचे दोन दिवस डोळे उघडले नाहीत.
फेब्रुवारीत गेला.

यंत्र रात्रभर चाललं.
पडद्यावर आठ आणि नऊ खांद्याला खांदा लावून,
जुळ्या बहिणींसारखे, कुणी कुणाच्या आड, कळू नये असे.
आणि त्यांच्यानंतर, बऱ्याच उशिरानं, एक टेकडी.
हेम्पच्या रसाला आम्लात शिजवून आठ करतात,
तेव्हा असलं काहीबाही तळाशी उरतं.
जुळवून बघायला आमच्याकडे नमुना नाही.
नाव नाही. रकान्यात लिहितात: अज्ञात, तीन पूर्णांक एक.

मी सांगितलं, हा गाळ आहे.
कुणाला देऊ नये, स्वतः घेऊ नये.
गारांचा अंदाज ऐकावा तशी तिनं मान हलवली.
"गाळ," ती म्हणाली. "बरं."
मग पेन्सिल काढून
त्या रात्रीच्या चौकटीत, जी रिकामीच होती,
काहीतरी लिहिलं.
मी वाचलं नाही. उलटं होतं, आणि अक्षर बारीक.

वड्या परत देता येत नाहीत, नियम आहे.
बरणी तिनं मागून घेतली. झाकण लावून.

बाहेर तिची पिकअप बराच वेळ
दिवे न लावता चालू होती.