वंशाचा रकाना

रविवारी फौंड्री बंद, तरी उद्यमबागेत
जळक्या वाळूचा वास असतोच.
आम्ही बसतो वरच्या खोलीत, जिथं एरवी लाकडी पॅटर्न ठेवतात,
पंपांचे, व्हॉल्व्हांचे,
कुणी परत मागितलेच नाहीत अशा दातेरी चक्रांचे.
चार जण, एक कुंद्याचा डबा
आणि झेरॉक्सवाल्यानं तिरके काढून दिलेले
कोरे कागद.

निंगनगौडा खेळ चालवतो.
त्यानं पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला
आणि वाचलं: पहिला रकाना, जात.
पंखा तेवढा फिरत राहिला.
'इथं पण काय की रे?' रुझार म्हणाला.
'बरं, वंश. वंश लिव्हा,' निंगनगौडा ओशाळला,
'बुटके, एल्फ, अर्धे एल्फ, शिंगवाले, माणसं.
जन्मानं नाही ओ. आपला आपण निवडायचा.'

मला सगळे म्हणाले, तू बुटका हो.
दंड बघ तुझे. दिवसभर भट्टीपाशी असतोस,
हातोडा तुला नवा नाही.
रुझारनं तर पगाराच्या पाकिटावर हिशेबच मांडला:
बुटका, त्यावर योद्धा, चिवटपणाला दोन जादा,
विष बाधत नाही, अंधारात दिसतं,
पाचव्या पातळीला एका दमात दोन घाव.
'मरणारच नाहीस तू. काय बघालास? लिही की.'

रुझारचे हिशेब चुकत नाहीत,
पतपेढीत तो दिवसभर दुसऱ्यांचं व्याज मोजतो.
मी बघत होतो माझा उजवा तळवा,
चौदा वर्षांचा घट्टा.
रविवारीसुद्धा?

चार फासे टाकायचे, लहानातला लहान सोडून द्यायचा.
मला पडले अठरा, नऊ, तेरा, बारा, सहा, चौदा.
अठरा ताकदीला दे, सगळे एकदम.
मी ताकदीपुढं सहा लिहिले.
सहा म्हणजे दारसुद्धा धड ढकलता येत नाही.
सहा म्हणजे ओझं दुसऱ्या कुणीतरी उचलायचं
आणि आपण मागून, रिकाम्या हातांनी,
इकडंतिकडं बघत चालायचं.
किती बरं वाटलं, सांगू.

अठरा वाणीला.
मॅनेजरपुढं 'हो साहेब'च्या पलीकडं
ज्याची जीभ जात नाही, त्या माझ्या वाणीला.
वर्ग: शाहीर. शस्त्र: डफ.
रुझारनं कपाळावर हात मारला.

आणि वंशात लिहिलं, अर्धा एल्फ.
'दोन्हीकडं परका,' निंगनगौडा पुस्तकात बोट ठेवून म्हणाला,
'पण एक भाषा जादा मिळते.'
तशी शिवलीला हसली,
वडगावच्या मागावरनं थेट आलेली, बाहीवर रेशमाचा तुसा:
'एक? एकच?
मी भावाशी भांडते कन्नडात, मालकाशी मराठीत,
जरीवाल्याशी उर्दूत. मग मी कुठली एल्फ?'
रुझारनं वर कोकणी ठेवली.
भाषांसाठी कागदावर दोनच ओळी होत्या,
आम्ही समासात लिहीत गेलो.

ती झाली शिंगवाली वैदीण.
शिंगं कशाला, विचारलं तर म्हणाली,
'हेल्मेट घालायला नको.'

मग खेळ सुरू. नदी, धुकं, लाकडी पूल.
पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला:
'कुठल्या काठाचा रे तू?'
निंगनगौडानं आवाज बदलला होता, फार नाही.
हा प्रश्न आम्हा प्रत्येकाला कुणी ना कुणी
खरोखरचा विचारलेला,
कचेरीच्या खिडकीत, सोयरिकीच्या बैठकीत.
कुणी कुंद्याला हात लावला नाही.

'गातो मी,' माझा शाहीर म्हणाला,
'दोन्ही काठांवर. बिदागी दोन्हीकडं कमीच देतात.'
'टाक फासा.'

तो घरंगळला, पॅटर्नच्या फळीखाली गेला.
आम्ही सगळे जमिनीवर आडवे, मोबाईलचे उजेड,
भुसा, खिळे, एक मेलेलं झुरळ.
'हदिनेळु!' शिवलीला फळीखालून ओरडली.

सतरा.
वाणीचे चार त्यात मिळवायचं रुझारलाही सुचलं नाही.
निंगनगौडानं, अजून पोटावरच पडलेला तो,
हात वर करून
भाला उचलला.