बेटाचं वेळापत्रक

मे महिन्यात सावद्यात स्वेटर घालणारी मी एकटी.
केळी पिकवायच्या खोलीत काटा चौदावर,
दार ढकललं की पंचेचाळीस.
एकोणीस वर्षं त्या दारात तापमानाची वही भरते आहे.
माल हिरवा येतो, गॅसवर पिवळा होतो, ट्रकमध्ये चढतो.
आपल्या मनानं पिकलेलं केळ
शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

नकाशा मदिनाला सापडला.
रावेर डेपोची मदिना तडवी, पाल गाडीची कंडक्टर.
शेवटच्या सीटखाली, चार घड्यांचा,
एक कोपरा उंदरानं खाल्लेला, नेमका नावाचा.
तीन महिने डेपोत पडून होता, कुणी मागायला आलं नाही.
अत्तरदे सरांच्या जुन्या ॲटलासात
आम्ही ते बेट आकारावरून हुडकलं:
भुईमुगाची शेंग, मधोमध आवळलेली,
विषुववृत्ताच्या खाली दोन बोटं.
नाव कळलं. कुणाला सांगितलेलं नाही.
नाव सांगितलं की गाव सल्ले देतं.

जळगावचा एजंट म्हणाला, सहा रात्री सात दिवस,
वरण-बट्टी तिथेही मिळेल,
ग्रुप सोडायचा नाही, टोपी आमच्याकडून, पिवळी.
मदिना उठलीच.
"एवढ्या लांब जाऊन
मी दुसऱ्याच्या घंटीवर चढू-उतरू?"

मग रात्री गच्चीवर नकाशा,
चार कोपऱ्यांवर पाना, तांब्या, किलोचं माप, तिची चप्पल.
किनारा ती टप्प्यांत मोजते,
सहा किलोमीटरचा एक. नव्वद टप्पे निघाले.
रस्ता तुटतो तिथे होडी,
होडी नसेल तिथे आपले पाय.
डावीकडून निघायचं की उजवीकडून, यावर दोन रात्री गेल्या.
मी म्हणाले, प्रदक्षिणा घालतात तसं.
ती म्हणाली, वारा कुठून येतो ते आधी बघ.

मधल्या डोंगरात रानकेळी आहेत म्हणे.
बोटाएवढं फळ, आत मिऱ्यासारख्या काळ्या बिया,
रात्री वटवाघळं येऊन खातात.
त्या जागी मी पेन्सिलनं गोल केला आहे.
दोन दिवसांची चढण, जळवा, म्हणून मिठाची पुरचुंडी.
झाड बघायचं.
वजन करायचं नाही.

काट्यावरच्या पुना तात्यांना कुठूनसं कळलंच.
"केयीच पाहाले जाती का व?
अठी काय कमी हायेत?"
मी वहीत आकडा लिहिला, तोही चुकीचा.

पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार म्हणाला,
सोबत पुरुष कोण?
मदिना म्हणाली, तिकिटं दोनच आहेत.
त्यानं चहा घेतला, खाली शेरा काय मारला
ते अजून कळलेलं नाही.

पोहता दोघींनाही येत नाही.
म्हणून रविवारी सुकी धरण,
अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरेला तेलाचे रिकामे डबे.
शिकवणारा भुरट्या पावरा, वय बारा,
म्हशी पाण्यात, स्वतः दगडावर.
"हात नका मारू, मावशी. पोट वर करा.
म्हैस बघा, ती कुठं घाई करते?"

आभाळ पाठीवर पडून बघायची सवय नव्हती.
सातपुड्याची कड उलटी दिसते,
सागाला पान नाही, तरी कुठूनतरी पक्षी बोलतो,
आणि कानात पाणी शिरलं
की सगळं जग डब्यासारखं वाजतं.

मागच्या रविवारी माझा डबा सुटला.
मला कळलं नाही, भुरट्यानं सांगितलं नाही.
काठावर मदिना मोजत होती,
गाडीत प्रवासी मोजते तशी, बोट हलवत.
चौदापर्यंत मी पाण्यावर होते.
मग ठसका, नाकात शेवाळ, भुरट्याचं हसू.

येत्या रविवारी तिची पाळी.
सकाळी सहाची पाल गाडी गाठायची आहे.
सुट्टे घेऊन ये, म्हणाली आहे.
तिकीट ती मलाही काढायला लावते.