ओशट

उद्यमबागेत दिवसभर लेथवर उभा असतो मी.
कूलंट अंगावर उडतं, ग्रीस नखांत बसतं.
भोंगा झाला की नळावर रांग,
मूठभर साबणपूड, मूठभर लाकडाचा भुसा,
घासून घासून हाताच्या रेषा मोकळ्या करायच्या.
आणि पगार झाला त्या शनिवारी
खडेबाजारात जाऊन ग्रीसच विकत घेतलं.
डोक्याला लावायला. साडेतीनशे रुपये.

पोरानं तीन डबे मांडले काचेवर.
एक कोरडा, चुन्यागत. "लावलंय असं दिसत नाही बघा."
मग लावायचं कशाला?
दुसरा पाण्यात विरघळणारा, नुसता थरथरत होता.
तिसरा निळा, जड,
बोट टेकलं तर ठसा तसाच राहिला.
"मेणाचं आहे अण्णा. पक्कं."
गल्ल्यावरच्या मालकानं कन्नडात तेच सांगितलं:
मेण.
दोन्हीकडं मेणच म्हणतात त्याला.
कुठल्याही पाटीवर लिहा, चिकटतं.

सांबऱ्याला ओमाण्णाचं लग्न.
गुणिया लावून काढावा तसा भांग पडला माझा.
हेल्मेट घातलं, काढलं, एक केस हलला नाही.
फोटोवाल्यानं दोनदा बोलावून पुढं उभं केलं.
चौतिसाव्या वर्षी कुणी पुढं बोलावतं
ते कशासाठी, एवढं कळतं मला,
तरी गेलो.

रविवारी धुवायला बसलो.
पाणी आलेलं गुरुवारी, आता येणार मंगळवारी,
पिंपात उरलेलं म्हणजे चार बादल्या.
पहिली गेली शाम्पूच्या दोन पुड्यांत. फेसच नाही.
अळूच्या पानावरून जावं तसं पाणी
डोक्यावरून जाऊन मोरीत, कोरडंच्या कोरडं.
दुसऱ्या बादलीला रेणुकानं भांड्यांची वडी दिली.
"कुकर निघतो की ह्यानं."
कुकर निघत असेल.
"उशीचा अभ्रा तुमीच धुवा आता,"
एवढं म्हणून ती आत गेली.

आप्पा कट्ट्यावर बसून बघत होते.
एकतीस वर्षं फौंड्रीत साचे भरलेला माणूस,
तिसरी बादली उचलली तेव्हा बोलले.
"तेल आण."
"आप्पा, तेलच तर काढूलालोय."
"बेअरिंग कशानं धुतोस? पाण्यानं?"

खोबरेल थिजलेलं होतं थंडीनं,
वाटी चुलीशेजारी ठेवली.
मग त्यांची बोटं माझ्या डोक्यात,
करंगळीला एक पेर कमी,
ती जागा कानामागं नेमकी कळायची.
चोळलं, थांबले, कॉटन वेस्टनं पुसलं,
पुन्हा चोळलं. घाई नाही.
नट ढिला होईपर्यंत कुणी मारत नाही पान्याला हातोडी.
वर हरभऱ्याचं पीठ. वर ऊन पाणी, तांब्यानंच.
मोरीत दोन अक्षता निघाल्या,
हळद अजून लागलेली.

"आम्ही व्हॅसलीन लावायचो," मागून आवाज आला.
"तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हा थापलेलं.
चार दिवस निघालं नाही. मग रॉकेलानं धुतलं."
"आई काय म्हणाली?"
"केस बरे होते म्हणाली.
रॉकेलाचा वास नंतर लग्नात आला तिला."

एक बादली उरली, झाकून ठेवली.
दुकानात परत गेलो नाही, गेलो असतो तर
तो थरथरणारा घेतला असता, पाण्याचा.
निळा डबा अर्धा होता. गुरुवारी बघतो तर
आप्पांनी काडीनं खरवडून
दाराच्या बिजागऱ्यांत भरलेला.

दुसऱ्या पाळीहून रात्री बारा वाजता येतो मी.
हे दार सगळ्या गल्लीला सांगायचं.
आता गुपचूप उघडतं,
आणि उंबऱ्यात कसला तरी वास येतो,
डब्यावर एका फळाचं चित्र होतं त्याचा.
मजगावात कुणालाच माहीत नाही
ते फळ कुठलं.