सात नव्हे

पावागढच्या पायऱ्यांवर नारळ विकणारा मंगळभाई
दर खेपेला विचारतो, "साहेब, फरी पथ्थर?"
हो. माथ्यावरचा, फिक्या रंगाचा.
खालचा काळा बसाल्ट निमूट वाहत आला,
हा फुटून आला.
बडोद्यापर्यंत एसटीत पोतं मांडीवर.

फतेगंजच्या प्रयोगशाळेत मी तो फोडतो, दळतो, चाळतो.
पोतंभर दगडातून उरतात चिमूटभर झिरकॉन,
सुईच्या टोकाने वेचायचे, श्वास धरून.
गुरुवारी शिंकलो.
नऊ दाणे गेले. खारकरबाईंना सात सांगितले.

दाण्यात युरेनियमचं शिसं होत जातं
ठरल्या चालीने, घाई नाही, उशीर नाही.
लेझरने आधी कडा टिपली, मग गाभा.
आकडे जुळेनात.
वाटलं, डब्या माझ्याच हातून बदलल्या.

"नाही हो राजोपाध्ये," बाई म्हणाल्या,
"गाभा खरंच जुना आहे.
खाली अर्धवट थिजलेल्या रसात
तो बसून होता लाखो वर्षं.
मग खालून ताजा, तापलेला रस घुसला,
दाण्यावर नवी साय धरली,
ती जाड व्हायच्या आत वरचं झाकण उडालं."

"किती दिवसांत?"
"ते या यंत्राला दिसत नाही.
आकड्यापुढच्या अधिक-उण्यात
असे सगळे दिवस बुडून जातात."

पंखा घरघरत होता. कुणी काही विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, बाई, सात नव्हते, नऊ.

त्या हसल्या नाहीत.
वही ओढली, सातावर काट मारली,
आणि पुढचं पोतं कधी आणणार, विचारलं.